टक आणि बद्द

शनिवारची दुपार. बोटीच्या मागे उकिडवा बसून मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं तिच्या पाठीवर ठोकत होतो. टक. टक. टक. दोन बोटं खाली सरकलो. टक. आणखी दोन बोटं. बद्द.

हात थांबला. पुन्हा वर जाऊन पाहिलं, टक. पुन्हा खाली, बद्द. खिशातली पेन्सिल काढून तिथे फुली मारली. अर्ध्या तासानं फुल्या एकमेकींना जोडल्या, तर खालच्या अर्ध्या भागात एखाद्या बेटाच्या नकाशासारखा आकार उमटला. बेट चांगलंच मोठं होतं.

‘ठोकून बजावून घ्यावं’ असं आपण उगाच म्हणत नाही. मीही ही बोट ठोकूनच घेतली होती. फक्त ठोकली पुढून. नाळेपाशी उभं राहून दोन-चार टिचक्या मारल्या, छान खणखणीत आवाज आला, आणि मी भाळलो. १४ फुटांची फायबरची जुनी मोटरबोट, वर आउटबोर्ड इंजिन, आणि किंमत अशी की घासाघीस करायची लाज वाटावी. विकणारा म्हणाला, “थोडंसं काम आहे हिच्यात.” मी मनातल्या मनात हिशेब केला, दोन शनिवार-रविवार. त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. शनिवार-रविवारी करायच्या कामांचा हा गुणच असावा. रोज करायचं काम कधीतरी संपतं, सुट्टीतलं काम सुट्ट्या संपवतं.

फायबर कुजत नाही, ही गोष्ट अगदी खरी. पण फायबरच्या पोटात लाकूड असतं. इंजिन जिच्यावर लटकतं ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, बाहेरून गुळगुळीत फायबर, आतूनही फायबर, आणि मधोमध प्लायवुड. त्यात कोणीतरी कधीतरी एक स्क्रू मारतो. स्क्रूच्या भोकातून पाणी थेंबाथेंबानं आत शिरतं. शिरायला वाट सापडते, बाहेर पडायला सापडत नाही. लाकूड ओलं राहिलं की बुरशी धरते, थरामागून थर मऊ पडत जातात, आणि बाहेरचा रंग मात्र तसाच चकचकीत. वर ६०-७० किलोचं इंजिन लोंबकळत असतं. ते एक दिवस फळीसकट पाण्यात जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. पत्ता लावायचा तर ठोकायचं. शंका खरीच ठरवायची असेल तर आतल्या बाजूनं बारीक भोक पाडायचं. ड्रिलच्या टोकाला पिवळसर कोरडा भुसा आला तर देव पावला. माझ्या ड्रिलला काळा चिखल आला.

आतली कातडी ग्राइंडरनं कापून काढली तेव्हा तर प्लायवुड हातानंच निघालं. ओल्या गोणपाटासारखं. वास विहिरीच्या तळासारखा. खणत खणत मूळ सापडलं. फळीच्या उजव्या कोपऱ्यात चार भोकं होती, बहुधा शिडी लावायला पाडलेली. शिडी केव्हाच गेलेली, भोकं उघडी. एक बोटभर सीलंट लावायला माणसाला काय धाड भरली होती? त्या अज्ञात माणसाला मी दोन रविवार शिव्या घातल्या. ग्राइंडर चालू असला की शिव्या मोठ्यानं देता येतात, शेजारी ऐकू जात नाहीत. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की बॅटरीची पेटी बसवायला मी स्वतःच मागच्या महिन्यात दोन स्क्रू मारले होते. सीलंटची नळी आणायची राहून गेली होती. मग ग्राइंडर बंद केला.

ठोकण्याची ही सवय बाबांची. बाबा काहीही ठोकल्याशिवाय घेत नसत. टेबल, दार, बादली, सूटकेस. दुकानदार गुण सांगत असायचा आणि बाबा मान तिरकी करून मधल्या बोटाच्या पेरानं वस्तूशी परस्पर बोलत असायचे. माझ्यातही ते उतरलंय. कोणाकडे गेलो की बसल्या बसल्या हात टेबलाखाली जातो. हे भरीव लाकूड, हे नुसतं वरून चिकटवलेलं. एकदा यजमानांनी हौसेनं दाखवलेल्या खांबावर मी टिचकी मारली, आणि आत पोकळ आहे हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. घरी येताना बायको बोलली नाही.

भिंतीवर खिळा ठोकायचा असला की घरात सोहळाच. बाबा भिंतीला कान लावून, डोळे मिटून, टकटक करत आडवे सरकत जायचे. मी पलीकडच्या खोलीत पळायचो आणि त्याच जागी उलट टकटक करायचो. बाबा थांबायचे. मग तीनदा वाजवायचे. मीही तीनदा. आई म्हणायची, घड्याळ लागणार आहे का आज? घड्याळ बहुतेक त्या दिवशी लागायचं नाही. पुढे कित्येक वर्षं रात्री दिवे मालवल्यावर पलीकडून दोन टकटक यायच्या. त्यांचा अर्थ कधी ठरवलेला नव्हता. मी दोन परत पाठवायचो आणि कुशीवर वळायचो.

लेओपोल्ड आउएनब्रुगर नावाचा एक ऑस्ट्रियन डॉक्टर होता. त्याच्या बापाचं सराईवजा खानावळीचं दुकान, तळघरात मद्याची पिंपं. पिंपात किती शिल्लक आहे हे झाकण न काढता, बाहेरून ठोकून बघायचं. रिकाम्या भागाचा आवाज वेगळा, भरलेल्या भागाचा वेगळा. पोरगं हे बघत मोठं झालं, डॉक्टर झालं, आणि व्हिएन्नाच्या इस्पितळात माणसांच्या छात्यांवर बोटं आपटू लागलं. निरोगी छाती जाड कापडानं झाकलेल्या ढोलासारखी वाजते, असं त्यानं लिहून ठेवलंय. आत पाणी झालं की तो नाद जातो. १७६१ साली त्यानं यावर लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक काढलं. वैद्यकातल्या बड्या मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. शेवटी १८०८ मध्ये नेपोलियनच्या डॉक्टरानं, कॉर्व्हिझारनं, त्याचं फ्रेंच भाषांतर केलं आणि मग सगळे ठोकू लागले. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. हा गृहस्थ गाण्यातलाही होता. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्याची आहे, धुराडी साफ करणाऱ्या माणसावरची. कान तयार असल्याशिवाय ही कामं होत नाहीत, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुझा कान तयार आहे, बोट कधी होणार?

बोट होतेय. जुन्या फळीचा कागदी साचा कापून मरिन प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवले, शिकंजे आवळून रात्रभर ठेवले. मग फायबरची मॅट आणि रेझिन. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भाग टाकायचा असतो. पहिल्या दिवशी मला घाई होती, मी अंदाजानं ओतला. थोड्याच वेळात डबा हातात धरवेना, मग त्यातून धूर यायला लागला, आणि ब्रश आत उभाच्या उभा गोठला. तो डबा अजून फळीवर ठेवलाय. पाहुणे विचारतात, हे काय, शिल्प? मी हो म्हणतो. दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर मोजून घेतलं. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तरी त्या काचेच्या तंतूंची खाज मानेवर आठवडाभर राहते. ऑफिसात लोक विचारतात, काय चावलं? बोट चावली म्हणून सांगण्यात एक ऐट आहे.

इंजिनाचं त्या मानानं सोपं निघालं. टू-स्ट्रोक, पेट्रोल ५० भाग तर तेल एक भाग. टाकीतल्या जुन्या पेट्रोलची चिकट खळ झाली होती. कार्ब्युरेटर खोलून धुतला, प्लग बदलला, आणि खालच्या भागातला इम्पेलर काढला. हा रबराच्या पाकळ्यांचा चक्का पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवतो. माझ्याकडच्याच्या निम्म्या पाकळ्या झडलेल्या. नवा बसवला, खालचा भाग पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवला, कारण पाण्यावाचून इंजिन सुरू केलं तर नवा इम्पेलरही बघता बघता जळतो. मग दोरी. सोळा वेळा ओढली. सतराव्या वेळी निळा धूर आला आणि इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार सुरू झाली. ही धार दिसली म्हणजे थंड पाणी फिरतंय. मी त्या धारेखाली हात धरून उभा होतो, कोमट होती. शेजारी कुंपणावरून म्हणाले, “लागली का एकदाची!” इतका आनंद त्यांना का झाला हे नंतर कळलं. त्यांना वाटलं, आता ही इथून हलणार.

परवा नव्या ट्रान्समला शेवटचा हात दिला. सुकल्यावर स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, वीतभर जागा न सोडता ठोकत गेलो. टक, टक, टक, टक. असा आवाज यायला एक वर्ष लागलं होतं. बाबा असते तर मान तिरकी करून एकदा तरी स्वतः वाजवून बघितलं असतंच. मी सांगितलंय एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

बाबांच्या पाठीवर डॉक्टरांनी ठोकलं तेव्हा मी खोलीतच होतो. ते सदरा काढून पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसले होते. डॉक्टरांनी डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर सपाट टेकवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर मारत खाली खाली आले. वर तो ढोल, कापडाखालचा. दोन बोटं खाली, तोच. आणखी दोन बोटं, आणि बद्द. डॉक्टर थांबले नाहीत, चेहराही बदलला नाही, पुन्हा वर जाऊन खाली आले. एक्स-रे काढायला सांगितला, काळजीचं काही नाही म्हणाले. बाबांनी सदऱ्यात हात घालता घालता मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

“ऐकलंस?” ते म्हणाले.

मी नाही म्हणालो.

बोट आता जवळजवळ झालीय. रंगाचा एक हात, दिव्यांची वायर, तळाचं बूच नवं, आणि ते लावायची आठवण राहावी म्हणून किल्लीला बांधलेली लाल चिंधी. सगळीकडे ठोकून झालंय. नाळ, दोन्ही कुशी, ट्रान्सम, बाकांच्या खालची खोकी. फक्त स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, तळाच्या फळीवर, पाय ठेवला की किंचित दबल्यासारखं वाटतं. किंचितच. हत्यारांची पेटी मी तिथे ठेवतो.