गोदीवाल्यांचा देशी बार

मुंबईच्या 1880 च्या प्रिन्सेस गोदीच्या मानाने गेटाबाहेरचा तो देशी बार म्हणजे कालचं पोर. पण माझ्या वडिलांची गोदी तिथेच संपायची. त्यांना बोलवायला मी जायचो.

दारात खिळ्यांची रांग होती. आत येणाऱ्या प्रत्येक हमालाने गोण्या ओढायचा आपला लोखंडी आकडा तिथे टांगायचा. मूठ घामाने काळी पडलेली, टोक गोण्यांवर घासून चकचकीत. पिऊन भांडण झालं तरी हातात लोखंड नको, म्हणून मालकाचा हा नियम. तो कुणी मोडलेला मी पाहिला नाही. संत्र्याची क्वार्टर, मीठ लावलेलं उकडलेलं अंडं, चणे. माल उचलायची विंच चालवणारे एका बाकावर, मालाची मोजदाद करणारे टॅली क्लार्क दुसऱ्या.

14 एप्रिल 1944 च्या स्फोटाची गोष्ट मी तिथेच ऐकली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज, पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र. सांगताना म्हाताऱ्यांचे हात थरथरायचे.

मग कंटेनर आले, 1989 ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. गोण्याच उरल्या नाहीत, हमालांच्या टोळ्या फुटल्या, गिऱ्हाईक संपलं, बार बंद.

गोदीच्या इतिहासात जहाजांची नावं सापडतात, या माणसांची नाहीत. मला ती लिहून काढायची आहेत. कुणाच्या घरी आजोबांचा आकडा किंवा बिल्ला असेल तर कळवा, मी येऊन बघेन.