यादी आली, पण वाचली नाही

कृष्णाकाठच्या माणसाला पावसाळ्यात नदीचे आकडे तोंडपाठ असतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे हेच आकडे ३९ आणि ४३. या भागातल्या आकाशवाणीच्या एका केंद्रावर मी नैमित्तिक निवेदक आहे. सकाळच्या सभेत, म्हणजे प्रसारणात, दोन गाण्यांच्या मध्ये पाण्याची पातळी सांगणं हे आमचं दर ऑगस्टचं काम. २०१९ साली मात्र नुसते आकडे सांगून भागेना. सोमवारी नागपंचमी झाली आणि गुरुवारी, ८ ऑगस्टला, पाणी २००५ च्या महापुराच्याही वर गेलेलं होतं. वीज उपकेंद्रं बुडाल्यामुळे गावंच्या गावं अंधारात, मोबाइलचे मनोरे एकेक करून बंद पडलेले, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. नळाला पाणी देणाऱ्या मोटारीच बुडाल्या होत्या, त्यामुळे दारात कृष्णा आणि घरात प्यायला घोटभर पाणी नाही, अशी गत.

अशा वेळी दोन पेन्सिल सेलवर चालणारा खिशातला रेडिओ काय करतो, हे मी त्या गुरुवारी पाहिलं.

माझी पाळी खरं तर आदल्या संध्याकाळीच संपली होती. पण मला सोडवायला येणारी सहकारी अंकली पुलाच्या पलीकडे अडकली, म्हणून मी थांबले. जनरेटरचं डिझेल पुरवून वापरायचं होतं. इंजिनिअर मंडळींनी एसी बंद केला, व्हरांड्यातले दिवे बंद केले. वीज फक्त ट्रान्समीटर, कन्सोल आणि ड्युटी रूमसाठी. स्टुडिओतली हवा इतकी दमट झाली की कागद मऊ पडले. एरवी माइकसमोर पान उलटताना सळसळ ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही किती जपतो! त्या दिवशी पानं आवाजच करत नव्हती.

ड्युटी रूमच्या टेबलावर एक लांबलचक वही होती. आमच्या साहेबांनी स्वतः पट्टीनं रकाने आखले होते: गाव आणि तालुका, निरोप काय, कोणी दिला, किती वाजता दिला, उलट फोन करून खात्री केली का. शेवटचा रकाना कोरा असेल तर ती ओळ स्टुडिओत यायची नाही, मग फोन कितीही मोठ्या माणसाचा असो. हवेत जाणाऱ्या प्रत्येक ओळीला वेळ जोडलेली असायची. ‘सकाळी साडेनऊ वाजता तहसील कार्यालयाकडून मिळालेल्या माहितीनुसार’ एवढं म्हटल्याशिवाय रस्त्याचं नाव घ्यायचं नाही. साडेनऊला मोकळा असलेला रस्ता अकराला पाण्याखाली गेलेला असू शकतो. ऐकणाऱ्यानं आपलं घड्याळ बघावं आणि स्वतः ठरवावं, एवढी जागा त्याला द्यायलाच हवी.

गावाच्या नावाचंही तसंच. आमच्या जिल्ह्यात कवठेमहांकाळ आहे, कवठेपिरान आहे, कवठेएकंद आहे. नुसतं ‘कवठ्याचा रस्ता बंद’ म्हटलं तर तीन दिशांची माणसं तीन अर्थ लावणार. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात आणि शिरोळ हा वेगळा तालुका; दोन्ही पाण्यात, पण दोन्हीकडचे वाचण्याचे रस्ते अगदी वेगळे. म्हणून तालुक्यासकट नाव, दोनदा, सावकाश. मुंबईत बसलेल्या वाहिनीला हे जमणार नाही, आणि तिच्याकडून कुणी ती अपेक्षाही करत नाही. ते आमचंच काम आहे.

सकाळी दहाच्या सुमारास एकाच विषयाचे फोन सुरू झाले. ‘ओ ताई, धरण फुटलंय म्हणत्यात, खरं हाय का? आम्ही माळावर जाऊ का?’ वाळव्याहून, पलूसकडून, मग शिरोळहून. ज्यांच्या मोबाइलला थोडं चार्जिंग उरलं होतं त्यांच्याकडे एक आवाज फिरत होता, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. कोयना धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट, पाणी मावतं हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं, त्यामुळे ‘कोयना’ एवढा शब्दसुद्धा काळजाचं पाणी करायला पुरतो. गावात पळापळ झाली तर धरणापेक्षा त्या पळण्यानंच माणसं जातील, अशी परिस्थिती.

जिल्हा नियंत्रण कक्षाला आणि पाटबंधारे खात्याला फोन लावले. धरण शाबूत होतं. दरवाजे उघडलेले होते आणि विसर्ग चालू होता. आता हे सांगायचं कसं, यावर आमच्यात चांगलीच चर्चा झाली. ‘धरण फुटल्याची बातमी खोटी आहे’ असं मी म्हटलं, तर जनरेटरच्या घरघरीत कुणाला फक्त ‘धरण फुटल्याची बातमी’ ऐकू जाईल. ज्यांनी अफवा ऐकलीच नव्हती त्यांच्या कानात ती आपणच घालू. शेवटी साहेबांनी मसुदा केला. त्यात अफवेचा उल्लेखच नव्हता. धरण सुरक्षित आहे, हे पहिलं वाक्य. मग दरवाजे किती उघडले आहेत, पाणी किती सोडलं जातंय, ही माहिती किती वाजता कुणी दिली. मग कोणत्या गावांनी आता घर सोडायचंच आहे आणि कोणत्या गावांनी आहे तिथंच थांबायचं आहे. शेवटी नियंत्रण कक्षाचा क्रमांक, १०७७. हे दर पंधरा मिनिटांनी, त्याच शब्दांत, त्याच चालीत. दुपारपर्यंत धरणाविषयीचे फोन विरळ झाले.

तोवर दुसरी बातमी आली होती. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली होती. माणसं बुडाली होती, त्यांत बायका होत्या, मुलं होती. मी या नदीच्या काठावर वाढले आहे. ‘बोट उलटली’ ही ओळ वाचताना आवाज सरळ ठेवणं मला फार जड गेलं, हे इथे लिहून ठेवते.

थोड्या वेळानं ड्युटी रूममधल्या एका फोनवर यादी आली. नावं, वयं, एकाखाली एक. कुणी केली, कशावरून केली, काही नाही. फोन तर थांबत नव्हते: बोटीत कोण कोण होतं, नावं सांगा. यादी टेबलावर माझ्यासमोर होती. वहीचा शेवटचा रकाना कोरा होता. आम्ही ती वाचली नाही. घटना सांगितली, मदतकार्य चालू असल्याचं सांगितलं, चौकशीसाठी कुठे फोन करायचा ते सांगितलं. एका म्हाताऱ्या माणसाचा फोन मीच घेतला होता. त्याची भाची त्या बाजूला दिलेली. मी त्याला म्हटलं, ‘दादा, आमच्याकडे खात्रीची नावं अजून आलेली नाहीत. आली की पहिल्यांदा तुम्हालाच रेडिओवर ऐकू येतील.’ तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘बरं. तुम्ही सांगशीला तवाच खरं धरतो.’

काही जण चिडलेही. माहीत असून दडवता, असं म्हणाले. त्यांचं दुःख मला समजत होतं, पण आमचा निर्णय बरोबर होता, असं मला आजही वाटतं. एक नाव चुकीचं गेलं असतं तर कुठल्या तरी छावणीत एखादी आई उभ्या उभ्या कोसळली असती. दुसऱ्या तासाला दुरुस्ती वाचून ती सावरली नसती.

त्या म्हाताऱ्याचा विश्वास पुरात तयार झालेला नव्हता. वर्षानुवर्षं त्यानं आमच्याकडून हळदीचे दर ऐकले, द्राक्षावरच्या करप्याची फवारणी ऐकली, श्रावणातली कहाणी ऐकली, पहाटे भूपाळी ऐकली. रोजच्या साध्या दिवसांत जमा झालेलं ते खातं होतं, आम्ही त्यातून काढून वापरत होतो. म्हणूनच स्थानिक केंद्रांचे स्थानिक तास कमी करायची चर्चा निघाली की मला मनापासून राग येतो. एरवी वर्षभर दुसऱ्या शहराचा कार्यक्रम पुढे ढकलायचा आणि पूर आला की आमचं ऐका म्हणायचं, असं होत नसतं.

संध्याकाळी निरोप वाचायला सुरुवात केली. ‘अमक्या गावच्या आजी सुखरूप आहेत, मिरजेतल्या छावणीत आहेत, मुलानं काळजी करू नये.’ यातही एक अडचण आमच्या लक्षात आली. पूर्ण नाव, गल्ली, घर सांगितलं की ते घर मोकळं आहे हेही सांगून झालं, आणि मोकळ्या घरांवर डोळा ठेवणारे असतातच. म्हणून पहिलं नाव, गाव आणि घरच्यांनाच कळेल अशी एखादी खूण. एकीनं निरोप दिला, ‘तांबड्या म्हशीची मालकीण बरी आहे म्हणावं.’ आम्ही तो तसाच वाचला.

शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या वेळेला पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोनवर घेतलं. भिजून बुरशी धरलेला कडबा जनावरांना घालू नका. जनावर पाण्यातून बाहेर काढलं की खूर आणि कास धुऊन कोरडी करा. घटसर्पाची लस टोचली नसेल तर छावणीतल्या डॉक्टरांना आधी ते सांगा. माणसांसाठी: पाणी उकळा, नाहीतर पाणी शुद्ध करणारं मेडिक्लोर टाकून अर्धा तास थांबा. माझ्या मते त्या दिवसातलं हे सगळ्यांत उपयोगाचं प्रसारण होतं, आणि त्याची बातमी कुठेही झाली नाही.

गाणी ठेवायची की नाही, यावरही वाद झाला होता. माणसं मरताहेत आणि आपण अभंग काय लावायचे, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण छावण्यांतूनच फोन आले, सकाळचं भक्तिसंगीत बंद करू नका म्हणून. शुक्रवारी पहाटे वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ती आकाशवाणीची संकेतधून नेहमीच्या वेळेला गेली, मग वंदे मातरम्, मग दोन अभंग, आणि मग पाण्याची पातळी, वेळेसकट.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा शहरात शिरली, तेव्हा फोन नंबरांची वही तयार होती. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, बोट असलेली माणसं, टेकाडावर शाळा असलेली गावं, सगळे नंबर तालुकावार. जून लागला की मी ती काढून बसते आणि एकेक नंबर लावून बघते. माणसं बदलतात, बदल्या होतात, सिम बदलतात. जुने खोडायचे, नवे लिहायचे. यंदाचा पलूस आणि शिरोळ झाला आहे, वाळवा निम्मा राहिलाय.