अंगणवाडीचा आहार, मातृवंदनेचे पैसे आणि अडलेली केवायसी

गरोदर बाईसाठीच्या दोन सरकारी योजनांची लोक सर्रास गल्लत करतात. अंगणवाडीतून मिळतो तो आहार. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून मिळतात ते पैसे. दोन्हींची नोंद वेगळी, पोर्टल वेगळं, अटीही वेगळ्या. एकीकडे नाव लागलं की दुसरीकडे आपोआप लागतं, असं नाही.

दोन्हीकडे घोडं अडतं ते मात्र बहुतेक वेळा पात्रतेवर नाही, तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि पैशांच्या बाबतीत बँक खात्यावरही. म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की पहिलं काम हे: आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते पाहायचं. बंद पडलेलं सिम किंवा माहेरी राहिलेला भावाचा नंबर असेल तर ओटीपी येणार नाही आणि सगळं तिथेच थांबेल. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या.

आता आहार. याला उत्पन्नाची अट नाही आणि पिवळं-केशरी रेशनकार्डही लागत नाही. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ६ महिने आईला, आणि त्यानंतर ६ वर्षांपर्यंत बाळाला आहार देणं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. २०१३ च्या मूळ कायद्यात ठरलेलं प्रमाण असं होतं: आईसाठी रोज ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, ६ महिने ते ३ वर्षांच्या बाळासाठी ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तीव्र कुपोषित मुलासाठी हेच प्रमाण ८०० किलोकॅलरीपर्यंत जात होतं. ३ वर्षांपर्यंतच्या बाळाचा आणि आईचा आहार घरी न्यायला मिळतो, त्याला टीएचआर (टेक होम रेशन) म्हणतात. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण.

नोंद आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत होते. आधार, मोबाइल आणि असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड (तपासण्या आणि लसी नोंदवायचं) घेऊन जा. सेविका पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर नाव घालते आणि केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करते: आधार क्रमांक, त्यावरचा ओटीपी, मग चेहऱ्याचा फोटो. जुलै २०२५ पासून टीएचआर देताना दर वेळी चेहरा जुळवावा लागतो. आधारवरचा फोटो फार जुना असेल किंवा खोलीत उजेड कमी असेल तर जुळणी फसते. दारात, उजेडाकडे तोंड करून उभं राहिलं तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आपल्याऐवजी सासूला पाठवायचं असेल तर आधी ताईंना विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो. बाळाचं आधार नसलं तरी अडत नाही, आईच्या आधारवर त्याची नोंद होते.

खंड पडण्याच्या जागा दोन. पहिली, बाळ ६ महिन्यांचं होतं तेव्हा. त्या दिवशी आईचा हक्क संपतो आणि बाळाचा सुरू होतो. बाळाची नोंद जन्मानंतर लगेच झालेली नसेल तर नाव मध्येच गळतं आणि पुढच्या वाटपाला हात हलवत परत यावं लागतं. दुसरी जागा माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद सासरी. माहेरच्या अंगणवाडीत नवं नाव घालू नका, आधार आधीच वापरलेलं असल्याने ते अडतं. सासरच्या ताईंना फोन करून नोंद स्थलांतरित करायला सांगा.

मातृवंदनेत मात्र अटी आहेत. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, दोन हप्त्यांत: शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत गर्भारपणाची नोंद आणि किमान एक तपासणी झाली की ३,०००, आणि बाळाची जन्मनोंद व १४ आठवड्यांपर्यंतचं लसीकरण पूर्ण झालं की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांखाली, अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम (असंघटित कामगारांचं) कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला अशांपैकी एक पुरावा पुरतो. कायम सरकारी नोकरीत असलेल्या बाईला ही योजना नाही. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. कोणी मागितलं तर हे सांगायला संकोचू नका.

मुदतीचा हिशेब नीट करा. पहिल्या अपत्याचा अर्ज शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांच्या आत करायचा. त्यातले २८० दिवस गरोदरपणातच जातात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर तिच्या जन्मापासून २७० दिवस. त्यामुळे पाळीची तारीख अंदाजाने सांगू नये. माता-बाल कार्डावर एक आणि अर्जात दुसरी असेल तर अर्ज परत येतो. लसीचंही तेच: १४ आठवड्यांचा डोस दिला, पण कार्डावर तारीख लिहायची राहिली, तर हप्ता अडकतो. माहेरच्या उपकेंद्रात लस घेतली असेल तर निघण्याआधी कार्ड उघडून रकाना बघा.

पैसे आईच्याच खात्यात, तेही आधारमार्फत. इथे सगळ्यात मोठा घोळ. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीला (सरकारी पैसे थेट खात्यात येण्याच्या सोयीला) जोडलं गेलं असं नव्हे. चार खाती असतील तर त्यांपैकी ज्या खात्याला शेवटचं आधार सीडिंग (आधारची जोडणी) झालं, पैसे तिकडे जातात. अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक मनात धरला होता याला काही किंमत नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते, अर्ज भरण्याआधी ती पाहा. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या कित्येकींचे पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात. नावाचंही बघा: आधारवर माहेरचं, पासबुकावर सासरचं असेल तर आधी एक करून घ्या.

अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून भरून घेता येतो, किंवा मातृवंदनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. नोंदणी झाली की अर्ज क्रमांक लिहून घ्या, नंतर स्थिती त्यावरच कळते. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर पुढच्या वेळी नव्याने लाभ घेता येतो. हे कोणी आपणहून सांगत नाही.

आहार मिळत नसेल तर आधी मुख्य सेविका (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका), मग बाल विकास प्रकल्प अधिकारी. तोंडी बोलून फार काही हलत नाही. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का, तारीख घेऊन पोच ठेवा. कायद्यात आहार न पुरवल्यास अन्न सुरक्षा भत्त्याची, म्हणजे आहाराऐवजी पैशांची, तरतूद आहे, तिचा उल्लेख अर्जात एका ओळीत करा. दोन्ही योजनांसाठी हेल्पलाइन १४४०८. फोन करताना आधार आणि अर्ज क्रमांक समोर ठेवा.