नेरूळची फायनल आणि साठ रुपयांची कडी

२०२२ची दिवाळी सरली होती, सेलूकडं कापसाची वेचणी सुरू होती आणि मी अकरा पोरींना घेऊन देवगिरी एक्सप्रेसची वाट बघत उभी होते. स्टेशनवर एका आईनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, खेळणार दुसऱ्यांच्या लेकी, मग आमच्या कामून नेता?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात गाडी आली म्हणून सुटले.

१७ वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक होता, १६ देशांचा. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. भारतात तो खरं तर २०२०लाच व्हायचा. कोरोनात आधी पुढं गेला, मग रद्दच झाला. २०२२चं यजमानपद मिळालं, तर ऐन ऑगस्टमध्ये फिफानं भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. दहा-बारा दिवस सगळं लटकलेलं. त्याच वर्षी जानेवारीत महिलांचा आशिया चषकही आपणच भरवला होता, तेव्हा आपल्याच संघात कोरोना शिरला आणि संघ स्पर्धेतून बाद. मांडव आपला, पाहुणे जेवायला बसलेले आणि नवरी खोलीत कोंडलेली!

विश्वचषकात आपल्या पोरी अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरल्या. मग फायनलला कशाला जायचं, असं माझ्या पोरींनी विचारलंच. तिकिटं काढून झालीत, म्हटलं.

ठाण्याला उतरून लोकलनं नेरूळ. ३० तारखेला डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन सामने होते. तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया ३-० पुढं होती, जर्मनीनं ३-३ केलं, शेवटी पेनल्टीत नायजेरियाच जिंकली. पोरींचे घसे तिथंच बसले. फायनलमध्ये ८२व्या मिनिटाला कोलंबियाच्या एका डिफेंडरकडून आपल्याच जाळ्यात गोल गेला आणि स्पेन १-०नं जिंकला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, बचावात खेळणारी आमची स्टॉपर मात्र गप्प. तालुक्याला तिच्याकडून असाच गोल झाला होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, तिला आता कोण रागवत असंल का?"

माझं निम्मं लक्ष दुसरीकडंच होतं. चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा देणाऱ्या पोरी कुठं उभ्या राहतात, दोन सामन्यांच्या मधे मैदानावर कोण काय करतं. तालुक्याच्या स्पर्धा मी भरवते ना, सवय जात नाही. पोरींनी मात्र मला न दिसलेलं बघून ठेवलं होतं. बाथरूमला जाऊन आलेली सात नंबर शेजारणीला सांगत होती, "आतून कडी हाय गं. नीट लागती."

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या स्पर्धेत याच पोरींनी पत्र्याच्या शेडमागं, दोघींनी ओढणी धरून, कपडे बदलले होते. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर बरोबर पडला म्हणून मी तेव्हा खूश होते.

जानेवारीत पुन्हा स्पर्धा घेतली, सहा संघांची. काळ्या मातीतली ढेकळं फोडली, रोलर फिरवला, पहाटे फक्की मारली. गोल बांबूचे. ७.३२ मीटरचा आडवा बांबू मधे झोळ खातो, म्हणून गोल लहान ठेवले. आणि मैदानाला लागून असलेला एक वर्ग रिकामा केला, खिडक्यांना जुन्या साड्या लावल्या, दाराला आतून नवी कडी बसवून घेतली. साठ रुपये.

हिशोब सहीला पाठवला. फक्की, बांबू, चहा, पंचांचं मानधन, सगळं मंजूर. कडीसमोर लाल पेनानं शेरा आला: 'स्पर्धेशी संबंध नाही.'

मी ती ओळ खोडून तिथं 'मैदान तयार करणे, रु. ६०' असं लिहिलं आणि कागद परत पाठवला.