रोजचे 108 डॉलर

क्रूझ जहाजाच्या गेस्ट सर्व्हिसेस काऊंटरवर सहलीच्या शेवटच्या संध्याकाळी रांग लागते, तेव्हा कोण कशासाठी आले आहे हे नुसते पाहून ओळखता येते, असा अनेक काँट्रॅक्ट पूर्ण केल्यानंतर माझा समज झाला होता. हातात फक्त केबिनचे कार्ड असलेला माणूस शिल्लक विचारायला आलेला असतो. हातात बिलाची छापील प्रत असेल आणि तिच्यावर पेनाने आकड्यांभोवती गोल काढलेले असतील, तर तो माणूस ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांसाठी रोज खात्यावर लागणारी बक्षिसी, काढून टाका असे सांगायला आलेला असतो. सात रात्रींच्या एका सहलीत शेवटच्या संध्याकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ असे गोल काढलेला कागद घेऊन माझ्यासमोर आले. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच मी खणातून ग्रॅच्युइटी वगळण्याचा अर्ज काढून ठेवला होता.

“रोजचे हे 108 डॉलर आमच्या खात्यातून काढा. सहा माणसांचे लावले आहेत. आम्ही हे पैसे आधीच दिले आहेत,” ते म्हणाले.

‘आधीच दिले आहेत’ हे वाक्य काऊंटरवर रोज ऐकू येते आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ केबिन स्टुअर्डच्या, म्हणजे केबिन आवरणाऱ्या माणसाच्या, हातावर काही रोख ठेवली आहे, एवढाच असतो. मी तसे विचारले. “तेही दिले,” ते म्हणाले, “पहिल्याच दिवशी पाकिटात घालून 40 डॉलर. पण मी म्हणतो आहे ते पैसे वेगळे.”

ते, त्यांच्या पत्नी, दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे अशी आठ माणसे तीन केबिनमध्ये राहत होती आणि तिन्ही केबिनचा खर्च त्यांच्या एकाच कार्डावर जात होता. आमच्या जहाजावर साध्या केबिनसाठी माणशी रोज 18 डॉलर ग्रॅच्युइटी आपोआप खात्यावर चढत असे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा दर साधारण 16 ते 20 डॉलरच्या घरात असतो आणि स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनसाठी, तो त्याहून अधिक असतो. एका केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या माणसाला भाड्यात मोठी सवलत मिळते, परंतु ग्रॅच्युइटी मात्र लहान मुलालाही पुरी लागते. अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या वगळतात, एवढेच. त्यामुळे भाड्याच्या जाहिरातीवर भरवसा ठेवून आलेल्या कुटुंबाला सर्वांत मोठा धक्का येथेच बसतो.

पूर्वी अशी आपोआप वसुली नव्हती. जेवणाची वेळ, टेबल आणि वेटर सहलभर ठरलेले असत, आणि शेवटच्या रात्री लोक वेटर, त्याचा मदतनीस आणि केबिन स्टुअर्ड यांना वेगवेगळी पाकिटे देत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 च्या सुमारास ठरलेल्या टेबलाची सक्ती काढली, आणि मग अशा मोकळ्या जेवणाची पद्धत इतर कंपन्यांमध्येही पसरली. रोज वेगळ्या ठिकाणी जेवणाऱ्या प्रवाशाने पाकीट कोणाला द्यावे हा प्रश्न उभा राहिल्यावर रोजच्या ठरावीक रकमेचा मार्ग सोयीचा ठरला. त्या रकमेतून आमच्या जहाजावर स्टुअर्ड आणि वेटर यांच्याबरोबरच धुलाईखान्यात आणि भटारखान्यात काम करणाऱ्या, प्रवाशाच्या कधीही दृष्टीस न पडणाऱ्या माणसांनाही वाटा मिळत असे. मला या व्यवस्थेतील एकच गोष्ट मनापासून खटकते, ती म्हणजे तिचे नाव. बक्षिसी ही देणाऱ्याच्या खुशीची गोष्ट आहे. जे पगाराचा भाग म्हणून धरले जाते आणि पट्टीसारखे वसूल होते, त्याला बक्षिसी म्हटले की देणारा नाराज होतो आणि घेणारा ओशाळतो. ब्रिटनमधील पी अँड ओ क्रूझेसने 2019 पासून ही रक्कम वेगळी लावणे बंद केले. सिल्व्हरसी, सीबोर्न यांसारख्या महागड्या कंपन्या ती भाड्यातच धरतात. माझ्या मते प्रामाणिक पद्धत तीच आहे.

अर्ज त्यांच्यापुढे सरकवताना माझा हात थांबला तो ‘सहा माणसांचे’ या शब्दांवर. माणसे तर आठ होती. मी तिन्ही केबिनची खाती उघडली. दोन मुलग्यांच्या केबिनवर रोज 54-54 डॉलर चढलेले होते. त्यांची सात दिवसांची बेरीज 756 डॉलर होती. वडिलांच्या केबिनवर मात्र ग्रॅच्युइटीची एकही ओळ नव्हती, आणि खात्याच्या माथ्यावर ‘आगाऊ भरणा’ अशी खूण होती. एकाच कुटुंबाने एकाच केबिनची ग्रॅच्युइटी आगाऊ भरावी आणि दोनची भरू नये, हे मला पटेना. मी त्यांना आरक्षणाची पावती आहे का, असे विचारले. ते काही न बोलता गेले आणि दहा मिनिटांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद घेऊन परत आले. त्यांच्या एजंटने दिलेल्या त्या पावतीवर ‘आगाऊ ग्रॅच्युइटी, 8 प्रवासी, 7 दिवस’ असे लिहून समोर 1008 डॉलर असा आकडा होता.

ते खरे बोलत होते. मी अर्ज काढून ठेवला होता तो त्यांना कंजूष समजून, आणि त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी त्यांची क्षमा मागितली. “तुम्ही कागद पाहिलात, एवढे पुरे आहे,” असे ते म्हणाले.

मी दोन्ही बाजूंच्या नोंदींची छायाचित्रे जोडून किनाऱ्यावरील कार्यालयाला तातडीचा ईमेल पाठवला. पहाटे खाती बंद होऊन रक्कम थेट कार्डावर जाणार होती, आणि एकदा उतरल्यावर असे प्रकरण महिनोन्महिने लोंबकळते हे मला ठाऊक होते. माझ्या वरिष्ठांनी 756 डॉलरची नोंद उत्तर येईपर्यंत रोखून धरण्यास परवानगी दिली. तोपर्यंत ते गृहस्थ काऊंटरशेजारच्या खुर्चीवर बसून राहिले, आणि रांग थोडी ओसरली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांचे उरलेले बिल ओळीने वाचले.

बारच्या 34 पावत्या होत्या. प्रत्येक पेयाच्या किमतीवर 18 टक्के सेवा (सेवाशुल्क) आधीच लावलेली होती, आणि तिच्याखाली ‘अतिरिक्त’ अशी एक रिकामी रेघ होती. त्या रेघेवर त्यांनी प्रत्येक वेळी, एकाच वळणाच्या नीट अक्षरात, 2 डॉलर लिहिले होते. “वरचे 18 टक्के म्हणजे कर असावा, आणि वेटरचे पैसे खाली लिहायचे असावेत, असे मला वाटले,” ते म्हणाले. म्हणजे 68 डॉलर त्यांनी न कळत दुसऱ्यांदा दिले होते. ही रिकामी रेघ स्पामध्येही असते आणि वेगळे पैसे लागणाऱ्या रेस्टॉरंटच्या बिलावरही असते. सेवा आधीच लावली आहे हे ज्याला कळले आहे, त्याने तेथे काही लिहिले तर ती त्याची खुशी. ज्याला कळलेले नाही, त्याच्याकडून ती रेघ संकोचापोटी पैसे काढते. मी ते 68 डॉलर परत करण्याची तयारी दाखवली. त्यांनी विचारले, “हे पैसे ज्याने पेय आणले त्यालाच मिळतात का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी ते राहू द्यायला सांगितले.

मग त्यांनी मला सरळ विचारले, की काम करणाऱ्या माणसांच्या वाट्याला हात न लावता पैसे वाचवायचे कोठे. हा प्रश्न काऊंटरवर फार क्वचित कोणी विचारतो, म्हणून मी सविस्तर उत्तर दिले. भाड्याचा एकटा आकडा पाहू नये. भाडे, बंदराचे कर आणि ग्रॅच्युइटी यांची बेरीज करून तिला माणसांनी आणि रात्रींनी भागावे, आणि मगच दोन सहलींची तुलना करावी. ज्या कंपनीत ग्रॅच्युइटी आगाऊ भरता येते तेथे ती भरल्यास मध्येच दर वाढला तरी बहुधा जुनाच दर लागतो. फक्त प्रत्येक केबिनच्या नावावर ती चढली आहे ना, हे निघण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे. बिल शेवटच्या रात्री न पाहता रोज पाहावे, कारण दुसऱ्या दिवशी सापडलेली चूक पाच मिनिटांत सुधारता येते. बिल भरताना आपल्या देशाच्या चलनात वळवून द्यायचे का, असे विचारले तर जहाजाच्याच चलनात द्यावे, कारण त्या वळवण्याचा दर जवळपास नेहमीच महाग पडतो. आणि खात्यावर कंपनीने दिलेले क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायची रक्कम, असेल, तर ते परत मिळणारे आहे की न वापरल्यास बुडणारे, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

पेयांच्या पॅकेजवर, म्हणजे रोजच्या ठरावीक रकमेत पेये मिळण्याच्या सोयीवर, आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मुलांनी ते घ्यायला हवे होते का, ही रुखरुख त्यांना लागली होती. आमचे पॅकेज रोज 60 डॉलरचे, त्यावर 18 टक्के, म्हणजे 70 डॉलर 80 सेंट होते. एक पेय 12 डॉलरचे धरले तर सेवेसह ते 14 डॉलर 16 सेंटला पडते. याचा अर्थ रोज पाच पेये घेतल्यावर खर्च फक्त बरोबरीत येतो, बंदरात फिरण्यात दिवस गेला तरीही. शिवाय एका प्रौढाने पॅकेज घेतले की त्याच केबिनमधील दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावे लागते, आणि हा नियम बऱ्याच कंपन्यांत असतो. दोन मुलगे आणि दोन सुना मिळून ते 1982 डॉलर 40 सेंट झाले असते. साऱ्या कुटुंबाचे बारचे बिल, सेवा धरून, 601 डॉलर 80 सेंट होते. त्यांनी कागदावर वजाबाकी केली, ती दोनदा तपासली, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवला.

किनाऱ्यावरून उत्तर आले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. एजंटने 1008 डॉलर पूर्ण पाठवले होते, पण तीन केबिनचे आरक्षण तीन क्रमांकांवर होते आणि सगळी रक्कम पहिल्याच क्रमांकावर जमा झाली होती. तेथे 252 डॉलर वळते झाले आणि उरलेले 756 डॉलर कोणी विचारण्याची वाट पाहत पडून राहिले. मी दोन्ही केबिनच्या ओळी रद्द केल्या आणि सुधारलेली प्रत छापून दिली. निघताना त्यांनी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिण्यासाठी आपल्या स्टुअर्डच्या नावाचे अचूक स्पेलिंग मागितले. प्रवाशाने नाव लिहिले की आमच्याकडे त्याची नोंद होते आणि पुढच्या बढतीच्या वेळी ती कामाला येते. हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते, म्हणून मी सांगितले.

त्यांच्यामागे एक जोडपे उभे होते. त्यांची केबिनही त्याच स्टुअर्डकडे होती. सेवेबद्दल काही तक्रार आहे का, असे मी नेहमीप्रमाणे विचारले. तक्रार काहीच नव्हती. खर्च जास्त झाला होता, म्हणून ही रक्कम काढायची होती. आमच्या कंपनीत तो प्रवाशाचा हक्क आहे. मी अर्ज दिला, सही घेतली आणि 252 डॉलर काढले.

आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, जो 2013 पासून लागू आहे, जहाजावरील माणसाला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे. आठवड्याची सुट्टी मात्र काँट्रॅक्ट संपेपर्यंत आमच्यापैकी कोणालाच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मी त्या मजल्यावरून जात होतो. उतरणाऱ्यांच्या बॅगा रात्रीच खाली गेल्या होत्या, आणि तो स्टुअर्ड त्या जोडप्याच्या रिकाम्या केबिनमध्ये चादरी ओढून काढत होता. उशीशेजारी, पाण्याच्या ग्लासाखाली, 10 डॉलरची नोट ठेवलेली होती. ज्यांनी ग्रॅच्युइटी काढली आहे अशा केबिनची यादी रात्रीच स्टुअर्डांना मिळते, आणि त्या केबिनमधून मिळालेली रोख आमच्या जहाजाच्या नियमाप्रमाणे सर्वांच्या वाट्यात जमा करावी लागते. त्याने गाडीवरच्या यादीत केबिनचा क्रमांक पाहिला, नोट पाकिटात घातली, पाकिटावर तो क्रमांक आणि तारीख लिहिली आणि ते माझ्या हातात देऊन पावतीवर माझी सही घेतली. नव्या प्रवाशांसाठी दुपारपर्यंत त्याच्या आणखी पंधरा केबिन व्हायच्या होत्या. तो गाडी ढकलत पुढच्या दाराकडे गेला.