वाचनाच्या वहीतली मराठी नावं

सर्वांना सलाम.

आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मुलांना शाळेऐवजी घरी शिकवायचं तर कायद्याने वर्षाला 180 दिवस, किंवा प्राथमिक वयात 900 तास, अभ्यास घ्यावा लागतो आणि वाचलेल्या पुस्तकांची नावं त्या त्या वेळी वहीत नोंदवावी लागतात. वर्षअखेरीला मूल्यमापन करणाऱ्या बाई सगळं तपासतात. यंदा वही चाळताना त्यांनी आपुलकीने विचारलं, "ही मराठी पुस्तकं मिशनऱ्यांनी तुम्हाला इंग्रजीवरून करून दिली असतील ना?"

मला ते लागलं. काही पुस्तकं तशी आहेत, नाही कोण म्हणतं? पण मी त्यांना केडगावची हकिगत सांगितली. संस्कृत शास्त्रात पारंगत असलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदन आश्रमातल्याच छापखान्यात बायकामुलींनी छपाईचे खिळे जुळवले. रमाबाई 1922 साली गेल्या आणि 1924 मध्ये पूर्ण बायबल बाहेर आलं. बाबा पदमनजींनी 1857 साली विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं, तेव्हा मराठीत कादंबरी नावाचा प्रकार नुकता कुठे जन्माला येत होता. इथल्या आया ज्या मॅकगफी वाचनमाला, म्हणजे जुनी अमेरिकन क्रमिक पुस्तकं, अभिमानाने जपतात, त्यांची सुरुवात 1836 ची. आपलं ख्रिस्ती नियतकालिक 'ज्ञानोदय' 1842 चं. म्हणजे फार मागे नाही आपण!

एक मात्र मान्य करते, इथे जुनं पुस्तक मुलांच्या हातात असतं. मुलांच्या वस्तूंत शिसं हा विषारी धातू नसावा म्हणून 2008 साली इथे कायदा झाला, त्यानंतर 1985 पूर्वीच्या बालपुस्तकांच्या शाईवर संशय आला, काही दुकानांनी ती काढून टाकली. 2011 मध्ये कायदा सुधारेपर्यंत अनेक आयांनी ती घरी आणून साठवली आणि मुलांना वाचायला दिली.

आणि आपल्याकडे? पुण्यात पाच हौद चर्चच्या बाजूला आमच्या ओळखीचं एक घर आहे. आजोबा गेल्यावर पेट्याच्या पेट्या रद्दीत गेल्या. जुनी गायनाची पुस्तकं, 'ज्ञानोदय'चे बांधलेले अंक, समासात आजोबांनी पेन्सिलीने टिपलेली वचनं, सगळं वर्तमानपत्राच्या भावाने, किलोवर. घरात जागा नाही, हे मला कळतं. दोन खोल्यांत चार माणसं राहतात तिथे कपाट कुठे ठेवणार? पण पाळकसाहेबांना एक फोन करता आला असता, मंडळीत रविवारी सांगता आलं असतं. हीच माणसं मग नातवंडांना मराठी वाचता येत नाही म्हणून हळहळतात. वाचायला ठेवलंय काय त्यांच्यासाठी? मला हे आठवलं की अजून संताप येतो.

सासूबाई दर फोनवर विचारतात, मुलांना शाळेत का घालत नाहीस? आई, पुण्यात मी चांगल्या शाळेत शिकले. तिथे रमाबाईंवर धडा होता, त्यांच्या बायबलाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. इथल्या शाळेत घातलं असतं तर मुलांचं मराठी केव्हाच गेलं असतं. आज माझा मुलगा जुन्या छपाईतले जास्तीचे अनुस्वार ओलांडून शुभवर्तमान वाचतो. मुलीला नारायण वामन टिळकांची भजनं पाठ आहेत. हे कुठली शाळा करणार होती?

फाटेल म्हणून जुनं पुस्तक मुलांना देताना घाबरायचं कारण नाही. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे तुकडे पडण्याइतका ठिसूळ होतो, त्यामुळे कधी कधी 1920 च्या पुस्तकापेक्षा 1840 चं चिंध्यांच्या कागदाचं पुस्तक धडधाकट असतं. आम्ही पुस्तक टेबलावर ठेवूनच उघडतो, पान वरच्या कोपऱ्यातून उलटतो आणि चिकटपट्टी कधीच लावत नाही.

दादा माझ्यासाठी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातो, तो रविवारी आणि बुधवारी भरतो. रविवारी उपासना असते, म्हणून तो बुधवारी जातो. पण बाजारात येण्याआधीच पुस्तकं मिळाली तर बरं. घर आवरायला काढाल तेव्हा आधी मला कळवा, दादा येऊन घेऊन जाईल. 'बालबोधमेवा' या मुलांच्या जुन्या मासिकाचे अंक विशेष हवे आहेत, कुठल्याही वर्षाचे. कव्हर नसेल, कसर लागली असेल तरी चालेल. पावसात भिजले असतील तर उन्हात टाकू नका, पंख्याखाली वाळवा.