सरांनी बांधलेल्या पताका

शाळेच्या अमृत महोत्सवाचे निमंत्रण आणि स्मरणिकेसाठी लिहिण्याची विनंती हाती आली, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ काही लिहावे असे मनात होते. परंतु जलतरणपटू म्हणून आणि पुढे प्रशिक्षक म्हणून झालेली माझी सारी वाटचाल आपल्या पी.टी.च्या सरांपासून सुरू होते, आणि त्यांच्याविषयी लिहायला घेतले की दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.

सर मूळचे वैनगंगेकाठचे. नदीत पोहण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण स्पर्धेचे पोहणे त्यांनी केवळ आम्हा मुलींसाठी, नियमपुस्तिका वाचून आणि बाहेरगावच्या स्पर्धा पदरमोड करून पाहून, शिकून घेतले. नागपूरच्या महाल भागातून बर्डीमार्गे सायकलने पहाटे तलावावर येणारे सर आणि त्यांच्या गळ्यातले स्टॉपवॉच माझ्या वेळच्या सर्वांना आठवत असेल. मला पोहायला पाठवण्यास आजीचा विरोध होता, तेव्हा सर स्वतः घरी आले, "आई, पोरीची जबाबदारी माझी," एवढेच बोलले, आणि आजीने पुन्हा तो विषय काढला नाही.

माझा प्रकार बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणे पोहणे. उघड्या तलावात बॅकस्ट्रोक करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त आभाळ असते आणि भिंत किती जवळ आली हे कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांच्या भिंतींपासून 5 मीटरवर, पाण्यापासून किमान 1.8 मीटर उंचीवर, पताकांची दोरी बांधण्याचा नियम आहे. आम्ही सराव करायचो त्या तलावावर अशी दोरी नव्हती. भिंत आली असे वाटले की मी मान वळवून पाहायची, कंबर खाली बुडायची आणि कमावलेला वेग तिथेच जायचा. विभागीय शालेय स्पर्धा तोंडावर आल्या असताना एका सकाळी सर खो-खोचे मैदान आखण्याचा टेप, चार बांबू आणि रेतीने भरलेले रंगाचे डबे घेऊन आले. काकूंनी जुन्या परकरांच्या कापडाचे लाल-पिवळे त्रिकोण कापून सुतळीवर शिवून दिले होते. सरांनी टेप लावून अंतर मोजले, डब्यांत बांबू रोवले, सुतळ्या ताणून बांधल्या आणि मला पाण्यात उतरवले. "भिंतीकडे पाहायचं नाही. पताका डोक्यावरून गेल्या का हात मोजायचे." म्हणजे तिथून किती वेळा हात मारले ते मोजून, न पाहता भिंत ओळखायची.

त्याच काळात, 1991 मध्ये, बॅकस्ट्रोकच्या वळणाचा आंतरराष्ट्रीय नियम बदलला होता. तोवर पाठीवर असतानाच भिंतीला हात लावावा लागे. नव्या नियमाने पालथे होऊन कोलांटी घेण्याची मुभा मिळाली. शर्यत संपवताना मात्र उताणे राहूनच भिंतीला हात लावायचा असल्यामुळे वळणाचे हात आणि शेवटचे हात वेगवेगळे मोजावे लागतात. सरांनी हे दोन्ही हिशेब माझ्याकडून असे घोटून घेतले की पुढे राज्य स्पर्धांत आणि नागपूर विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरले, तेव्हा वळणावर मी कधीच मागे पडले नाही. पदकांविषयी येथे लिहीत नाही. ती शाळेच्या कपाटात आहेत.

स्पर्धा थांबल्यावर मी प्रशिक्षक झाले, आणि आजही कोणत्याही नव्या तलावावर गेले की आधी पताकांचे अंतर टेपने मोजते. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकले, 1986 मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर भारताला जलतरणात मिळालेले ते पहिले आशियाई पदक, तेव्हा माझ्याकडच्या मुलांमध्ये जी उमेद संचारली ती मी पाहिली आहे. तरीही नववी आली की क्लासच्या वेळा पोहण्याच्या आड येतात आणि चांगली तयार झालेली मुले सुटतात, याचे फार वाईट वाटते. उन्हाळ्यात शिबिरांना मुले मावत नाहीत, आणि डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा खरा पाया घातला जातो, तेव्हा लेन रिकाम्या असतात. आमच्या वेळी सर स्वेटर घालून काठावर उभे राहायचे आणि आम्ही कुडकुडत का होईना, पाण्यात उतरायचो. शाळेतही पी.टी.चे तास परीक्षा जवळ आल्या की गणिताला दिले जातात, असे माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थिनी सांगतात. सर असते तर त्यांनी ते होऊ दिले नसते.

आज सर नाहीत. ते तास पी.टी.लाच राहावेत, अशी विनंती मी मुख्याध्यापिका बाईंना केली आहे, आणि आपल्या शाळेच्या ज्या मुलींना स्पर्धेसाठी पोहायचे असेल त्यांना रविवारी सकाळी मी विनामूल्य शिकवेन असेही त्यांना कळवले आहे. पालकांनी नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत.